सांदवाडीतली दुसरी चूल

ती. इंदुताईच्या पायांशी धाकट्या मुखरूचं डोकं. (गुडघा आखडल्यामुळे डोकं खरोखर टेकणं सध्या बंद आहे, तेव्हा कागदावरच मान्य करून घे.)

तुझी कंबर कशी आहे? नागभीडकडे धानाची मळणी आटोपली असेल. भाऊजींचा खोकला 'तसाच आहे' एवढंच मागे कळलं होतं. तसाच म्हणजे कसा, हे मला कोणी सांगितलं नाही. आजकाल मला कोणी पुरतं काही सांगतच नाही, आणि हे पत्र त्याचबद्दल आहे. इकडे सर्व खुशाल आहे असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहितो. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही ते पत्र वाचून झाल्यावर ठरव.

तू म्हणशील, एवढा फोन असताना पत्र कशाला. ताई, फोन आहे सूरजचा. सूरजचा फोन असतो रुपालीच्या हातात. आणि आपल्या सूनबाईला सवय अशी, की तुझा फोन लागला की तो मोठ्या आवाजावर टाकायचा, म्हणजे सगळ्या घराला आत्याबाईंचा आवाज ऐकू जावा. मग तुझी भावजय कांता सैपाकघरातून बोलते, आपले बापूजी पडवीतून बोलतात, आणि ज्यानं फोन लावायला सांगितला तो मी नुसता मान हलवत बसतो. (बापूजींना आता कमी ऐकू येतं असं मला सांगण्यात आलेलं आहे. मला ते पटलेलं नाही. कमी त्यांना फक्त मी बोललेलं ऐकू येतं. जेवायला वाढलं हे तळ्याच्या पाळीवरूनही ऐकू येतं.) म्हणून पत्र. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवलं आहे आणि चामोर्शीला जाऊन मीच पेटीत टाकणार आहे. शितं उकललेली दिसली तर मला कळव.

गेल्या मार्गशीर्षात गावात भागवत सप्ता झाला आणि मी माळ घातली, हे तुला माहीत आहे. आपल्या घराण्यात माळ घालणारा मी पहिलाच. तळ्याच्या पाळीवर जन्म, जाळ्यात पाय गुंतवून घेत लहानाचे मोठे झालो, आपल्या घरी भात आणि मासोळी सोडून तिसऱ्या पदार्थाला जेवण म्हणतच नव्हते. पण शेवटच्या दिवशी महाराजांनी विचारलं, की जिभेचा हा एक चोचला देवासाठी सोडायला कोण तयार आहे, आणि अख्ख्या मंडपानं माना खाली घातल्या. तेवढ्यात माझ्या शेजारी बसलेल्या आपल्या गावच्या झिंगूचा हात वर जाताना दिसला. झिंगू जर देवाच्या जवळ जाणार असेल तर मी मागे का राहू? मी त्याच्या आधी हात वर केला. टाळ्या झाल्या, नारळ मिळाला, आणि घरी येईपर्यंत मला कळून चुकलं होतं की उद्या बुधवार आहे आणि बुधवारी सूरज मरळ आणतो.

झिंगूचं पुढे काय झालं तेही ऐक. त्याच्या घरी मासोळी शिजली की तो माळ काढून खुंटीला अडकवतो, पोटभर जेवतो, चूळ भरतो आणि माळ परत गळ्यात घालतो. मी त्याला म्हटलं, अरे, हा देवाला फसवायचा धंदा आहे. तर म्हणतो, "माळ थोडीच खाते भाऊ? मी खातो." असल्या माणसाशी मी बोलणंच टाकलं. (बाजाराला जाण्यापुरतं बोलतो, कारण गाडी त्याची आहे.)

मी मात्र व्रत कडक पाळायचं ठरवलं. घराचा कर्ता माळकरी म्हटल्यावर घरही माळकरी. चूल सारवून घेतली, मासोळीची जुनी गाडगी-मडकी नाल्यात नेऊन फोडली, पाट्या-वरवंट्यावर गोमूत्र शिंपडलं. सूरजला सांगितलं, मासोळी धरणं हा आपला धंदा, तो सुटायचा नाही. धर, वीक, पण आपल्या चुलीवर चढवू नको. सूरज "हो बाबा" म्हणाला. कांतानं वाल निवडायला घेतले. बापूजी तेवढे म्हणाले, "मुखऱ्या, मले दात नाई बावा. मासोळी आपोआप गळ्यातून उतरते, तुहा वाल कोन चावन?" मी त्यांना वाल मऊ शिजवून द्यायचं आश्वासन दिलं, आणि घरात शांतता झाली. तीच शांतता मला पुढे संशयास्पद वाटली. आपल्या घरात इतक्या सहज कुठल्याही गोष्टीला कोणी 'हो' म्हटल्याचं तुला आठवतं का?

आता वासाचं सांगतो. महाराजांनी जाताना मला बाजूला घेऊन बजावलं होतं, की पहिल्या वर्षी मन फार खेळ करतं, नाही ते वास आणून देतं, तेव्हा डगमगू नको, नामस्मरण कर. आणि ताई, महाराज अगदी खरं बोलले! मला वास यायचा. मरळीच्या रश्श्याचा, कधी तळलेल्या बोटव्या मासोळीचा, कधी चिंच घातलेल्या झिंग्यांचा. असा वास, की डोळ्यांपुढे ताट यायचं. बाजारातून परत आलो की हमखास यायचा, अंगणातच गाठायचा. मी नाक दाबून माळ ओढायचो आणि स्वतःला म्हणायचो, मुखरू, तुझं मन अजून किती नीच आहे. कांताला एकदा विचारलं, तुला काही वास येतो का. ती म्हणाली, "नाई बाई, मले तं काईच नाई येत." म्हणजे तिचं मन माझ्यापेक्षा शुद्ध! हे मला जरा लागलं, पण मी ते सहन केलं.

घरात इतरही चांगले परिणाम दिसत होते. मला वाटलं होतं मांजर घर सोडून जाईल. ती गेली नाही, उलट तिच्या अंगावर तकाकी आली. मी चार लोकांत सांगायचो, बघा, मुक्या जनावरावरही संस्कार होतात. बापूजी वाल-भातावर असे काही भरले की त्यांची बंडी बसेना. कांतानं आणि रुपालीनं जेवणानंतर हाताला लिंबू चोळायला सुरुवात केली. विचारलं तर म्हणाल्या, मोबाईलमध्ये दाखवतात, कातडी मऊ होते. या वयात कांताला मऊ कातडी कशाला हवी, हा प्रश्न मला पडला होता, आणि मी दोन-चार दिवस तिच्यावर नजरही ठेवली. (काही निघालं नाही. लिंबाचं झाड मात्र पार उघडं पडलं.)

खरी पाल चुकचुकली ती या दिवाळीनंतर. रुपालीनं चामोर्शीच्या बाजारातून नवी कढई आणली. घरात कढई असताना. मग उलथणं आलं, मग तिखट-मिठाचा वेगळा डबा आला. डबा सैपाकघरात दिसेना. मी खोलीत शिरलो की बोलणं बंद व्हायचं आणि सगळे एकदम हवापाण्याचं बोलायला लागायचे. सूरज आणि कांता गोठ्याआड कुजबुजताना दिसले. आणि मग एक दिवस मी रुपालीला वारुळाची माती टोपलीत आणताना पाहिलं. ती मातीत धानाचा कोंडा कालवत होती. "काय करून राह्यली बाई?" म्हणून विचारलं, तर पदर सावरून म्हणाली, "काई नाई मामाजी, तुळशीचा ओटा लिपतो." तुळशीचा ओटा मागच्याच महिन्यात सिमेंटचा झाला आहे! दोन दिवसांनी मी घरामागच्या सांदवाडीत गेलो, वालाच्या मांडवाआड डोकावलो, आणि ताई, पाहतो तर काय! तिथे नवी कोरी चूल मांडलेली होती. नुसती मांडलेली नाही. पेटवलेली, काळी पडलेली, राख ऊन.

हे मी दुसऱ्या कोणाला लिहिलं असतं तर तो हसला असता, पण तू हसणार नाहीस. एका घरात दुसरी चूल म्हणजे काय, ते आपण दोघांनी पाहिलं आहे. काकानं याच अंगणात चूल मांडली तेव्हा मी तुझा परकर धरून उभा होतो. मायनं आपल्या चुलीतला विस्तव खापराच्या टवक्यात घालून काकीला नेऊन दिला, म्हणाली, सुखानं राहा, आणि परत येऊन धानाच्या ढोलीआड तोंड लपवून रडली. तेव्हापासून काकाची पोरं बांधाच्या पलीकडली झाली. आजही दुसऱ्या चुलीचा धूर दिसला की मी तोंड फिरवतो. आणि तो धूर आता माझ्याच सांदवाडीतून निघत होता. सूरज वेगळा निघणार, रुपाली त्याला घेऊन जाणार, कांता पोरामागे जाणार, कारण आई ही पोराचीच असते. माझ्या वाट्याला राहणार बापूजी आणि वाल. मला झोप लागेना. घासही उतरेना. घरात मात्र कोणालाच भूक कमी झालेली दिसेना, ही गोष्ट मला आणखी झोंबली.

तोंडावर विचारायची हिंमत झाली नाही, हे मान्य करतो. विचारलं आणि सूरज 'हो' म्हणाला तर? म्हणून मी पाळत ठेवायची ठरवली. सांदवाडीत घोंगडी टाकून जपाला बसू लागलो. मी बसलो की कोणी तिकडे फिरकत नसे. चूलही गप्प. पण बाजाराचा दिवस आला की सगळं घर मला घालवायला उठायचं. एक टोपी आणून देतो, एक पिशवी, आणि रुपाली म्हणते, "मामाजी, सावकाश या, घाई करू नोका." सुनेनं सासऱ्याला घाई करू नका म्हणणं हे प्रेम असू शकतं, हे कबूल. पण दर आठवड्याला? (आणि तूसुद्धा मागच्या फोनवर विचारलंस, "मुखरू, बाजाराले जातं ना रे बराबर?" तेव्हा मला बरं वाटलं होतं. आता त्याचाही विचार करतो आहे.)

गेल्या बाजारच्या दिवशी मी टोपी घातली, पिशवी घेतली, झिंगूच्या गाडीवर बसलो आणि फाट्यावर उतरलो. झिंगूला सांगितलं, पोटात कळ आली. तो म्हणाला, "बांधानं एकटा जाऊ नोको भाऊ, काल तिकडं वाघाचे पाय दिसले." खरंच दिसले होते, वनखात्यानं दवंडीही दिली होती. पण ताई, घर फुटायचं भ्याव पोटात असलं की वाघाचं भ्याव मागे राहतं. मी रामनाम घेत बांधाबांधानं आलो, मागच्या कुंपणातून वाकून शिरलो आणि धानाच्या तणसीच्या ढिगाआड बसलो. दुपारची वेळ होती. मांडवाआडून धूर निघत होता, आणि वास आला. तोच, मनाचा खेळ. मी नाक दाबलं आणि नामस्मरण सुरू केलं. मग नाक सोडून पाहिलं.

सगळे ओळीनं बसले होते. बापूजी मधे, मांडी घालून. (मांडी घालता येत नाही म्हणून या माणसासाठी मी खुर्ची आणली आहे.) सूरज एका बाजूला, कांता दुसऱ्या बाजूला, आणि रुपाली नव्या कढईतून मरळीचा रस्सा वाढत होती. लाल, तर्रीचा. तेव्हा मला कळलं की वर्षभर माझ्या नाकानं माझ्याशी एकही खोटं बोललं नव्हतं. मी घरातल्या प्रत्येकावर संशय घेतला, झाडावर, डब्यावर, कांताच्या हातांवर, आणि एकट्या नाकाला खोटारडं ठरवलं.

मला संताप यायला हवा होता. येतही होता. पण तेवढ्यात कांतानं आपल्या ताटातलं मरळीचं मुंडकं उचललं आणि न खाता ताटाबाहेर पानावर काढून ठेवलं. ताई, लग्नापासून आमच्या घरात मुंडकं माझं. तिनं कधी स्वतः खाल्लं नाही. मी बाजारात होतो, माळकरी होतो, तरी तिचा हात सवयीनं माझा वाटा काढत होता. बापूजींनी ते पाहिलं आणि म्हणाले, "त्याच्या नावाचं मले दे, तो तं देवमानूस झाला." कांता म्हणाली, "दर बारी तुमीच खाता. आज मांजरीले देतो, थे तरी त्याइच्या पायापाशी निजते." आणि तिनं ते मुंडकं मांजरीपुढे टाकलं. तिचे डोळे भरले होते. ते तिखटानं असतील, पण मला तसं वाटलं नाही.

पुढे जे झालं ते मी तुला लिहिणार नव्हतो. मांजरीनं मुंडकं तोंडात धरलं आणि निवांत खायला आडोसा शोधला. आडोसा म्हणजे तणसीचा ढीग. ती थेट माझ्या मांडीजवळ येऊन बसली, मुंडकं खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मी तिचा घास घेईन असं वाटून गुरगुरायला लागली. माझ्या वाट्याच्या मुंडक्यावरून माझ्यावरच! मी "हाड" म्हणालो. जरा मोठ्यानं म्हणालो. लगेच सूरजचं डोकं ढिगावरून दिसलं. हाताला रस्सा.

काय सांगू तुला. रुपालीनं कढईवर परात उपडी घातली, जशी काही त्यानं मरळ वालाची होणार होती. बापूजी तोंड पुसून म्हणाले, "मी नाई खाल्लो. मी फकस्त काटे काढून देऊन राह्यलो." (मिशीत काटा होता.) मी त्या कशाकडे लक्ष दिलं नाही. मी चुलीकडे बोट दाखवलं आणि विचारलं, "हे वेगळं निघासाठी मांडली का?" माझा आवाज फुटला, हे सगळ्यांनी ऐकलं. रुपालीनं परातीवरचा हात काढला. म्हणाली, "वेगळं काऊन निघन मामाजी? तुमच्या चुलीले बाट नोको, तुमचं व्रत मोडाले नोको, म्हणून इथी मांडली. कढई बी वेगळी, मीठ बी वेगळं. घरातल्या एका बी भांड्याले लावलो नाई. दिवाळीच्या आंदी इथीच तीन गोट्यांवर मडक्यात शिजवत होतो." सूरज मान खाली घालून म्हणाला, "बाबा, तुमी माळ घातली तवा आजोबा चार दिवस जेवलेच नोहोते."

मी तिथेच तणसीवर बसलो. एवढं हलकं मला सप्त्याच्या शेवटच्या दिवशीही वाटलं नव्हतं. घर फुटलेलं नव्हतं. चौघंही एका चुलीभोवती एकत्र बसत होती, हसत होती, एकमेकांच्या ताटात वाढत होती. वेगळा निघालो होतो तो मी एकटा, सारवलेल्या चुलीपाशी, वालाचं ताट घेऊन. आणि या लोकांनी मला ते जाणवू नये म्हणून वर्षभर लिंबं चोळली. रडायला आलं. पण गळ्यात माळ असताना असल्या कारणानं रडणं बरं दिसेना, म्हणून मी रागावलो. खोटेपणावर चांगलं लांब भाषण दिलं. सगळ्यांनी ऐकून घेतलं. रस्सा निवत होता आणि बापूजींचा डोळा परातीवर होता, तेव्हा मी भाषण आवरतं घेतलं, म्हणालो, आता अन्न वाया घालवू नका, आणि पुढच्या अंगणात येऊन बसलो. वास तिथपर्यंत आला. या वेळी मी नाक दाबलं नाही.

तर असं आहे. चूल मोडायला मी सांगितलं नाही. पाऊस लागू नये म्हणून तिच्यावर टिनाचा तुकडा टाकून दिला आहे. माझं व्रत कायम आहे, गावात कोणी विचारलं तर तसंच सांग. कांतानं काल विचारलं, "अवो, तुमाले देऊ का जरासं?" मी नाही म्हणालो. भाषण नुकतंच झालं होतं.

तुझ्या कंबरेला जप, भाऊजींना सुंठ दे. मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि मधल्यांना काय ते तूच सांग.

तुझा,
मुखरू

ता. क. हे पत्र भाऊजींकडून वाचून घेऊ नको. त्यांच्या पोटात काही राहत नाही.

ता. क. दुसरा : मांडवाच्या खांबाला एक पिशवी लटकलेली होती, गोधडीच्या तुकड्यांची, निळ्या दोऱ्यानं शिवलेली. आत सुके झिंगे होते. ताई, तो दोरा मी ओळखतो. लहानपणी माझ्या चड्डीला ठिगळं तू त्याच टाक्यानं लावायचीस. म्हणजे तूसुद्धा! मी रागावलेलो नाही. झिंगे चांगले होते असं बापूजी म्हणतात.

ता. क. तिसरा : पुढच्या बुधवारी भाऊजींच्या खोकल्याची विचारपूस करायला मी नागभीडला येतो आहे. एकटाच. मुक्काम करीन. तुमच्याकडच्या तळ्यात मरळ निघते म्हणतात. माझ्यासाठी वेगळी चूल मांडू नको, सगळ्यांबरोबर बसेन. मुंडक्याचं कांताला कळू देऊ नको. तिच्या हातचं आधी खाल्लं नाही म्हणून तिला वाईट वाटेल. परत आल्यावर तिच्याकडे मी स्वतःच मागणार आहे, धीर झाला तर.

ता. क. शेवटचा : तुझ्या सैपाकघरात दाराशेजारी खुंटी आहे का? नसली तर एक ठोकून घे. जरा उंचावर, मांजर पोचणार नाही अशी.